साखरेचा उतारा

"अठ्ठावन्न!" मामा व्हरांड्यातून ओरडले. "कंपाउंडर, पेन आण! अठ्ठावन्न!"

मी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर गेले. मामा म्हणजे माझे सासरे, आत्माराम पिसाळ. खुर्चीत ताठ बसले होते. एका बोटावर कापूस, दुसऱ्या हातात साखर मोजायचं यंत्र आणि चेहऱ्यावर बोर्डात पहिला आल्याचा आनंद. फेब्रुवारी होता. कराडात सकाळी सातला अजून स्वेटर लागत होता, आणि मामांचं बनियन पाठीला चिकटलं होतं, कपाळावरून घाम ओघळत होता.

"मामा, अठ्ठावन्न फार कमी आहे."

"कमीच पाहिजे. जास्त आली असती तर तुला कशाला हाक मारली असती?"

"सत्तरच्या खाली गेली की धोका असतो. आधी काहीतरी गोड खा."

"गोड? ह्या घरात?" ते हसले. "ह्या रविवारी माझा सत्कार आहे आणि तू मला गोड खायला सांगतेस. लिही. सात वाजून पाच मिनिटं. अठ्ठावन्न."

मी लिहिलं. त्या वेळी मी सांगितलेलं सगळं लिहीत असे.

मामा आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यातून चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झाले होते. त्यांची सगळी नोकरी एका शब्दाभोवती गेली. उतारा. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, तो साखर उतारा. एका हंगामात त्यांच्या देखरेखीखाली साडेबाराचा उतारा पडला होता. आकड्याचा फोटो काढता येत नाही, म्हणून त्यांनी तो खडूने फळ्यावर लिहून फळ्याचा फोटो काढून घेतला होता. आमच्या हॉलमध्ये तो सासूबाईंच्या फोटोशेजारी होता, जरा वर.

निवृत्त झाल्यावर मोजायला काही राहिलं नाही, आणि तेवढ्यात त्यांना शुगर निघाली. बाकीचे लोक अशा वेळी खचतात. मामांना पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखं वाटलं. लॅबमधल्या नमुन्याची नोंदवही त्यांनी घरी आखली. तारीख, वेळ, उतारा, शेरा. फरक एवढाच होता की आता आकडा जेवढा खाली, तेवढी कामगिरी मोठी.

मी डी. फार्म. झालेली. लग्नाआधी तीन वर्षं मिरजेत औषधाच्या दुकानात काउंटरला उभी होते. बघायला आले तेव्हा माझे वडील कौतुकाने म्हणाले, "मुलगी केमिस्ट आहे." मामा म्हणाले, "एका घरात एक केमिस्ट पुरे." सगळे हसले. मीसुद्धा हसले, कारण लग्न ठरत होतं. लग्नानंतर नोकरी सुटली आणि माझं नाव कंपाउंडर पडलं. घरातल्या औषधांचं एकच काम माझ्याकडे होतं. सात खणांची प्लॅस्टिकची डबी होती, सोमवार ते रविवार. तिच्यात गोळ्या भरायच्या.

त्या डबीत जानेवारीपासून दोन नव्या गोळ्या आल्या होत्या. मामांचे ठोके अचानक बेताल पडायला लागले, म्हणून आम्ही त्यांना हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर लाटकर. तरुण, हुशार आणि बोलायला गोड. फक्त त्याच्यात एक मोठा दोष होता. मामांच्या लॅबमध्ये ज्या लाटकरांनी वीस वर्षं काचेची भांडी धुतली, त्यांचा तो मुलगा होता.

"काका, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? शुगर, बीपी?" त्याने विचारलं.

"काही नाही," मामा म्हणाले.

मी तोंड उघडलं. "डॉक्टर, ह्यांना..."

"सूनबाई," मामा म्हणाले, "खाली रिक्षा आहे का बघून ये."

आणि मी रिक्षा बघायला गेले. डी. फार्म. झालेली बाई, जिना उतरून, रिक्षा बघायला. वर येईपर्यंत डॉक्टरने चिठ्ठी लिहून टाकली होती. रक्त तपासायला सांगितलं होतं, ते मामांनी पुढच्या खेपेवर ढकललं होतं.

"खोटं का बोललात?" मी रिक्षात विचारलं.

"लाटकरच्या पोरासमोर मी एका वेळी एकच आजार सांगणार. दोन सांगितले की माणूस पेशंट होतो."

मग मी चिठ्ठी उघडून गोळ्यांची नावं वाचली. शुगरचे डॉक्टर मिरजे मामांना कितीतरी वर्षं ग्लिमेपिराइड देत होते. लाटकरने ठोके ताळ्यावर आणायला अमिओडेरॉन दिलं होतं आणि ठोके हळू करायला आणखी एक गोळी. एकेक गोळी आपापल्या जागी चांगलीच होती. पण एकत्र आल्या की अमिओडेरॉन त्या शुगरच्या गोळीला अंगातून लवकर बाहेर पडू देत नाही. तिचा जोर वाढत जातो, साखर उतरत जाते. साखर उतरली की एरवी छातीत धडधडतं, हात थरथरतात, माणूस घाबरून काहीतरी खातो. दुसरी गोळी नेमके तेच इशारे दाबून टाकते. ठोके शांत, हात स्थिर. राहतो फक्त घाम. आणि घाम मोजायचं यंत्र मामांकडे नव्हतं. ते माझ्याकडे होतं, कारण त्यांची बनियनं मी धूत होते. जानेवारीत दिवसाला एक, फेब्रुवारीत दिवसाला तीन.

एकशेदहा, शहाण्णव, ब्याऐंशी, एकाहत्तर, अठ्ठावन्न. नोंदवहीत मामा प्रत्येक आकड्यापुढे शेरा लिहीत होते. 'उत्तम.' 'अति उत्तम.' 'विक्रमी.'

ह्या विक्रमाला गिऱ्हाईक होतं, हेच खरं दुखणं. प्रीतिसंगमाच्या बागेत रोज सकाळी फिरायला येणाऱ्या अकरा म्हाताऱ्यांनी एक प्रभात मंडळ काढलं होतं. अकराही जणांना शुगर. दर सोमवारी बागेतल्या बाकावर बसून आकडे जाहीर व्हायचे, आणि ज्याचा कमी तो आठवडाभर छाती काढून चालायचा. अध्यक्ष होते बापू काशीद, पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. ते सलग दोन वर्षं पहिले आले होते. ह्या वर्षी मामांनी त्यांना मागे टाकलं होतं, आणि मंडळाने 'मधुमेह-विजय' नावाचा पुरस्कार काढला होता. शाल, श्रीफळ, मानपत्र. श्रीफळ चालतं का ह्यावर दोन बैठका झाल्या होत्या.

त्याच दिवशी संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. आमचे हे पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर आहेत. गळती कुठे आहे हे त्यांना नेहमी शेवटी कळतं.

"दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्या माहीत नाहीत. ह्यात मामांचा जीव जाईल," मी म्हणाले.

"अगं, साखर कंट्रोलमध्ये आलीय. लोक तरसतात त्याला."

"ही कंट्रोल नाही. ही घसरगुंडी आहे."

"तू काय डॉक्टर आहेस? तू फक्त डबी भर."

मी डबी भरली. फक्त पुढच्या तीन खणांत शुगरची गोळी घातली नाही. शुक्रवारी सकाळी व्हरांड्यातून हाक आली, आणि आवाजावरूनच मला कळलं की मोजणी झालेली आहे.

"शुक्रवारात एक कमी. शनिवारात एक कमी. रविवारात एक कमी." मामांनी डबी माझ्यासमोर आपटली. "तीस वर्षं चीफ केमिस्ट होतो मी. माझ्या लॅबमधून कधी चमचाभर चुना गेला नाही."

"मीच काढल्यात. तुम्हाला बाधतायत त्या."

"बाधतायत? मला?" त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "थरथरतायत का? बघ. छाती बघ, धडधडतेय का? आयुष्यात इतकं शांत कधी वाटलं नव्हतं मला."

"तेच तर सांगतेय मामा. त्या दुसऱ्या गोळीमुळे तुम्हाला कळत नाहीये."

"म्हणजे मला बरं वाटतंय हा माझा आजार आहे?" ते ह्यांच्याकडे वळले. "ऐकलंस का? आमच्या कंपाउंडरबाई म्हणतात, मी बरा आहे म्हणून आजारी आहे."

हे हसले. मामांनी पाकिटातून तीन गोळ्या फोडून आपल्या हाताने खणांत टाकल्या, आणि डबी त्या दिवसापासून स्वतःच्या उशाशी ठेवली.

त्याच दिवशी मी लाटकरच्या दवाखान्यात फोन केला. डॉक्टर परगावी होते, सोमवारी येणार होते. मग चालत डॉक्टर मिरजेंच्या दवाखान्यात गेले. दोन्ही दवाखाने पाठीला पाठ लावून, मध्ये एकच भिंत. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "पेशंट कुठाय?"

"पेशंट येत नाही."

"मग तुम्ही कोण?"

"सून."

"सुनेला तपासून गोळी कशी बदलतील? आणि साहेब आज कुणाला भेटत नाहीत. रविवारी त्यांचं भाषण आहे."

"कुठे?"

"मधुमेह-विजय. प्रमुख पाहुणे आहेत ना ते."

मी तिथेच एका कागदावर दोन्ही नव्या गोळ्यांची नावं, रोजचे आकडे आणि घामाचं सगळं लिहिलं, घडी घातली आणि साहेबांच्या हातात द्या म्हणून तीनदा सांगितलं. बाईने कागद टेबलावरच्या फाइलमध्ये सरकवला. मला वाटलं, काम झालं. काम झालं असं वाटून घेण्यात मी त्या घरात तरबेज झाले होते.

शनिवारी आकडा त्रेपन्न आला. संध्याकाळपर्यंत मिरजेंकडून फोन आला नाही. तेव्हा मी माळ्यावर चढले. कारखान्याची सभासदांना मिळणारी दिवाळीची साखर मामांच्या नावावर दर वर्षी यायची आणि न उसवता त्यांच्या बहिणीकडे, उंब्रजला जायची. ह्या वर्षी आत्याबाईंना न्यायला सवड झाली नव्हती. मी पोत्याची शिवण उसवली, दोन मुठी साखर काढली, मिक्सरमध्ये बारीक केली आणि स्टीलच्या डबीत भरून पर्समध्ये ठेवली. मिक्सरच्या आवाजाला मामांनी विचारलं, "काय वाटतेस?" मी म्हणाले, "कूट."

रविवारी सकाळी मामांनी गोळ्या घेतल्या आणि नाश्त्याचं ताट परत पाठवलं.

"थोडं तरी खा. भाकरीचा तुकडा तरी."

"बापू स्टेजवर मोजणार आहे. सगळ्यांसमोर. खाऊन गेलो तर आकडा चढेल."

एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर कार्यक्रम होता. साठ-सत्तर माणसं होती. दाराशी मोड आलेले मूग आणि कारल्याचा रस. स्टेजवर बॅनर, चार खुर्च्या, आणि मधली पाहुण्यांची खुर्ची रिकामी, कारण प्रमुख पाहुणे वेळेवर आले तर ते प्रमुख कसले. बापूंनी अर्धा तास वाट पाहिली आणि सुरुवात केली. शाल आणि हार घातला. मानपत्र वाचलं, त्यात मामांना 'गोडव्याचा त्याग करणारे कर्मयोगी' म्हटलं होतं. मामा खुर्चीत हसत होते. शालीखाली सदरा गळ्यापर्यंत भिजलेला मला तिसऱ्या रांगेतून दिसत होता.

मग बापूंनी त्यांच्या बोटाला सुई टोचली, यंत्र डोळ्यांजवळ नेलं आणि माइकमध्ये ओरडले, "एक्केचाळीस!"

मी घाबरून उभी राहिले. सून उभी राहिली म्हणून माझ्यामागची रांग उभी राहिली, मग बाजूच्या रांगा, मग सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. मी वाट काढत पुढे जायला लागले तर ह्यांनी माझा पदर धरला.

"बस की. लोक बघतायत. फोटो नंतर काढू."

"एक्केचाळीस आहे. त्यांना आत्ता साखर द्यायला पाहिजे."

"बस म्हणतो ना. त्यांचं भाषण सुरू होतंय."

आणि मी बसले. चार मिनिटं बसले. त्या चार मिनिटांबद्दल मला अजून कुणी काही विचारलेलं नाही, पण मी स्वतःला विचारते.

मामा माइकपाशी उभे राहिले. नजर कुठेतरी छताच्या पंख्यावर होती. "यंदाचा उतारा," ते म्हणाले, "एक्केचाळीस टक्के."

लोक खदखदून हसले. कारखान्याचा माणूस, काय कोटी केली, असं एकजण माझ्या मागे म्हणाला.

"एक्केचाळीस टक्के. ऊस कमी, साखर जास्त. लाटकर, भांडी नीट धू." पुन्हा हशा. "हा बापू काशीद. दोन वर्षं पहिला. हा सोमवारच्या आदल्या दिवशी जेवतच नाही. रविवारी सकाळपासून उपाशी. म्हणून ह्याचा आकडा कमी. सगळे काटा मारतात. मीपण मारला. मी आज जेवलो नाही."

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. एवढं मोकळं, एवढं विनोदी भाषण कराडात वर्षात झालं नव्हतं. बापूंनी खुर्ची मागे सरकवली, त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"आमची कंपाउंडर आहे," मामा म्हणाले. आवाज जड झाला होता, शब्द एकमेकांवर पडत होते. "ती म्हणते, गोळ्या गोळ्यांशी भांडतात. दोन डॉक्टर, एकाला एक माहीत नाही. बरोबर आहे तिचं. मला पहिल्या दिवशीच कळलं, बरोबर आहे. पण घरात तिला बरोबर म्हटलं, तर... मग मी कोण?"

"वा! वा!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. आमचे हेसुद्धा टाळ्या वाजवत होते.

मामांनी माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरला, आणि दांड्यासकट खाली बसले.

ह्या वेळी पदर कुणाच्या हातात राहिला ते मी बघितलं नाही. स्टेजवर चढले, मामांचं डोकं मांडीवर घेतलं आणि पर्समधून डबी काढली.

"अहो सूनबाई! साखर?" बापूंनी माझं मनगट धरलं. "शुगरच्या माणसाला साखर? मारताय का काय त्यास्नी? कुणीतरी धरा हिला!"

"बापू, हात सोडा," मी म्हणाले. तो आवाज लग्नाआधीच्या दुकानातल्या काउंटरवरचा होता, पाच वर्षांत मी तो काढलाच नव्हता. माइक खाली पडला होता आणि चालू होता, त्यामुळे सगळ्या सभागृहाने तो ऐकला. "साखर कमी होऊन पडलेत ते. सोडा, आणि ॲम्ब्युलन्सला फोन करा."

बापूंनी हात सोडला. मामा अर्धवट शुद्धीत होते. गिळतायत एवढी खात्री करून मी बोटाने साखर त्यांच्या गालाच्या आतून चोळली, थोडी थोडी. "मामा, गिळा. गिळा म्हणते ना." मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी अशी बोलत होते, आणि ते ऐकत होते. सहा वर्षं ज्या घरात कुणी साखर खाल्ली नव्हती, त्या घरच्या माणसाच्या तोंडात मी त्याच्याच कारखान्याची साखर भरत होते. पंधरा मिनिटांनी त्याच यंत्रावर मोजली. चौसष्ट. ह्या आकड्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

तेवढ्यात जिन्यात गडबड झाली आणि प्रमुख पाहुणे आले. दारातल्या मुलींनी सवयीने त्यांच्यावर फुलं टाकली. डॉक्टर मिरजे फुलं झटकत स्टेजवर आले, मामांची नाडी धरली आणि विचारलं, "ह्यांना आणखी काय चालू आहे?"

"अमिओडेरॉन. आणि ठोके हळू करायची एक. महिना झाला."

त्यांचा चेहरा पडला. "मला कुणी सांगितलंच नाही!"

चष्मा काढायला त्यांनी खिशात हात घातला. त्याबरोबर भाषणाचे कागद बाहेर आले आणि त्यांतून माझी चिठ्ठी खाली पडली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी ती उचलून त्यांच्या हातात दिली. "शुक्रवारीच सांगितलंय," मी म्हणाले. त्यांनी ती तिथेच वाचली, दोनदा वाचली, आणि भाषण न करता आमच्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये बसले. तेवढं मात्र त्यांना मानलं पाहिजे.

मामांना तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. साखर वर आणली की पुन्हा उतरायची, कारण ती गोळी अजून अंगात ठाण मांडून होती. सोमवारी डॉक्टर लाटकर परतले. एका भिंतीच्या दोन बाजूंना इतकी वर्षं बसलेले ते दोन डॉक्टर मामांच्या कॉटपाशी पहिल्यांदा एकमेकांना भेटले. "आपलं नाव ऐकून होतो," मिरजे म्हणाले. मग दोघांनी मिळून शुगरची गोळी बदलली.

"ताई, तुम्ही वेळेवर उतारा दिलात म्हणून निभावलं," लाटकर मला म्हणाला.

शब्द ऐकून मामांनी डोळे उघडले. "किती पडला?"

"काका, तो उतारा नाही. तुमची साखर उतरली होती, त्यावरचा उतारा. साखरच."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला काही आठवत नाही," ते म्हणाले. "गळ्यात हार घातला, तिथपर्यंत आठवतं. पुढचं सगळं कोरं." मग दुखावल्यासारखे म्हणाले, "पण एवढं भयंकर होतं, तर कुणी आधी सांगायला नको का?"

"तेच ना," आमचे हे म्हणाले. "अगं, तू बोलली नाहीस कधी."

लाटकर माझ्याकडे बघत होता. त्या क्षणी माझ्या मनात आलं की ती स्टीलची डबी मी घरी विसरायला हवी होती. हे मनात आलं ते खरं आहे, आणि इतक्या वर्षांनी ते झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

घरी आल्यावर मामांनी नोंदवही उघडली आणि रविवारच्या एक्केचाळीसपुढे शेरा लिहिला. 'यंत्र सदोष.'

पुढच्या महिन्यात मी बसस्थानकाजवळच्या एका औषध दुकानात कामाला लागले. कुणाला विचारलं नाही, फक्त सांगितलं. मामा म्हणाले, "आणि डबी कोण भरणार?" मी म्हणाले, "इथे राहतेच आहे मी. मीच भरणार. आणि मोजायची नाही." त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. ती डबी त्या दिवसापासून पुन्हा माझ्याकडे आली आणि त्यांनी परत कधी मोजली नाही.

आणखी चार वर्षांनी मी स्वतःचं दुकान टाकलं. मामा तेव्हा सत्तरीला आले होते. पहिल्याच दिवशी ते काउंटरच्या टोकाला स्टूल टाकून बसले आणि उठायचं नाव घेईनात. येणाऱ्या प्रत्येकाला दरडावून विचारायचे, "दुसऱ्या डॉक्टरची काय गोळी चालू आहे? लपवायचं नाही. चिठ्ठ्या सगळ्या दाखव." लोक घाबरून दाखवायचे. मग मामा सांगायचे, "गोळ्या गोळ्यांशी भांडतात. मी स्वतः अनुभवानं शोधून काढलंय हे." मी पाठमोरी होऊन पाकिटं लावत असे. सुरुवातीला रागाने हात घट्ट व्हायचे, नंतर हसू यायला लागलं. त्यांच्या दरडावण्याने निदान तीन माणसांच्या चिठ्ठ्यांत खरोखर घोळ सापडला होता, आणि डॉक्टरांना फोन मी केले होते.

एका दुपारी बापू काशीद गोळ्या न्यायला आले. काठी टेकत आले होते.

"आदल्या दिवशी जेवलास का?" मामांनी विचारलं.

"बास की साहेब आता. स्टेजवर इज्जत काढली त्याला सात वर्षं झाली."

"इज्जत कसली? खरं तेच बोललो. कसा लालबुंद झाला होतास. खुर्चीसुद्धा मागं सरकवलीस."

बापू कसनुसं हसले, पिशवी घेतली आणि गेले. माझ्या हातातलं पाकीट तसंच राहिलं. बापूंबद्दल मामा काय बोलले, ते गावाने त्यांना शंभरदा ऐकवलं होतं. पण खुर्चीचं कुणी सांगितलं नव्हतं. ती कुणाच्या लक्षातच आली नव्हती. त्या वेळी सगळे हसत होते.

"मामा," मी म्हणाले, "तुम्हाला आठवतंय."

ते रस्त्याकडे बघत राहिले.

"हारापर्यंतच आठवतं म्हणाला होतात. खुर्ची हारानंतरची आहे."

"असेल," ते म्हणाले. "खुर्ची तेवढी आठवते."

"आणि खुर्चीनंतरचं?"

मामांनी खिशातून रुमाल काढला आणि कोरडं कपाळ पुसलं. पुसून पुन्हा घडी घातली. घडी नीट जमेना, तेव्हा तसाच खिशात कोंबला.

"गिऱ्हाईक थांबलंय बघ, फार्मासिस्ट," ते म्हणाले.

मी वळून पाहिलं. काउंटरवर कुणीच नव्हतं.